चौथी प्लेट

"पुन्हा तेच?" पांढरीपांडे साहेबांनी विचारलं.

मी प्लेटीवरच गुडघे टेकून बसले होते. एका हातात अल्ट्रासॉनिक मशीनचा प्रोब, दुसऱ्या हातात खडू. प्रोब सरकवत जायचं आणि मशीनच्या छोट्या पडद्यावर हिरवी रेघ नको तिथे उसळली की खडूनं खूण करायची. खुणा जोडल्यावर प्लेटीवर एक आकार उमटला, तळहाताहून थोडा मोठा.

"पुन्हा तेच," मी म्हणाले. "एवढ्या जागेत जोड बसलेला नाही. प्लेट नापास."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तिसरी," ते म्हणाले. "आठ वर्षांत असं झालं नव्हतं मॅडम. पावडर तीच, पद्धत तीच. आता ओळीनं तीन प्लेटा बिघडून राहिल्या. मग बदललं काय?"

बोलता बोलता त्यांनी शेडच्या दाराकडे पाहिलं. तिथे लटारीभाऊ उभे होते. आमचं बोलणं त्यांना ऐकू गेलं असावं. पण त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

ही १९९७ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते, मूळची मिरजेची, पुण्यातल्या एका तपासणी संस्थेत नोकरीला. उमरेडच्या पुढे एका बंद पडलेल्या दगडखाणीत हा कारखाना होता, पांढरीपांडे साहेब त्याचे मॅनेजर. टायटॅनियम आणि पोलाद यांचं एकमेकांशी जमत नाही. वितळवून जोडायला जावं तर जोड काचेसारखा तडकतो. म्हणून इथे ते स्फोटानं जोडत. जाड पोलादी प्लेट वाळूवर मांडायची, तिच्यावर बोटाच्या पेराहून कमी फट सोडून टायटॅनियमचा पातळ पत्रा, पत्र्यावर स्फोटकाची भुकटी, आणि एका कोपऱ्यातून बत्ती; या स्फोटाला तिथे शॉट म्हणत. डोळ्याचं पातं लवायच्या आत पत्रा खालच्या प्लेटीवर असा आदळतो की दोन्हींवरचा मळ फवाऱ्यासारखा बाहेर फेकला जातो आणि धातूला धातू मिठी मारतो.

चार प्लेटांची मागणी होती. बडोद्याजवळच्या एका रासायनिक कारखान्यासाठी त्यांतून तापलेल्या आम्लाची टाकी बनणार होती. घेणाऱ्या कंपनीनं जोड तपासायला आमच्या संस्थेला नेमलं होतं. माझी सही झाल्याशिवाय एकही प्लेट खाणीबाहेर जाणार नव्हती.

लटारी गिऱ्हेपुंजे तिथले ब्लास्टर. स्फोट करायचा सरकारी परवाना त्यांच्या नावावर. आधी कोळसा खाणीत होते. पंचावन्नच्या आसपास वय, काटकुळे, डाव्या कानानं जरा कमी ऐकू येणारे. सगळे त्यांना लटारीभाऊ म्हणत, म्हणून मीही.

त्या दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं.

"तुम्ही बाहेरच्या आहात, म्हणून सांगतो," ते म्हणाले. "मला त्या माणसाचा वहीम आहे."

"लटारीभाऊंचा?"

"शॉटच्या आधी शेवटी प्लेटीजवळ एकटा तोच असतो. नियमच आहे तसा, सगळ्यांना लांब पाठवायचं. पंधरा मिनिटं तो तिथे काय करतो, कोण पाहते? रायपूरकडे असाच कारखाना उभा राहून राहिला. आमची मागणी बुडाली की काम त्यांना मिळेल. तुम्ही शिकलेल्या आहात, समजून घ्या."

"मग काढून का टाकत नाही?"

"नुसत्या संशयावर? युनियन बसली आहे. मी सांगितलं तर आकस म्हणतील. तुम्ही डोळ्यांनी पाहिलं तर गोष्ट वेगळी."

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. पण त्या दिवसापासून मी लटारीभाऊंकडे बघू लागले, आणि बघू लागल्यावर दिसायला काय उशीर! इतर कामगार शेडमध्ये एकत्र जेवत, हे एकटेच दारूगोळ्याच्या कोठाराच्या मागे जाऊन डबा खात. चौथ्या शॉटसाठी पोलादी प्लेट गोदामातून आली तेव्हा ते तिच्याभोवती दोनदा फिरले. एका कोपऱ्याशी खाली बसले, कडेवरून अंगठा फिरवला आणि साहेबांची जीप दिसताच उठून चालू पडले.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून माझ्याजवळ आले. मी मशीनची बॅटरी चार्जिंगला लावत होते.

"बाई, एक विचारू का?"

"विचारा ना."

"हे मशीन लोखंडाच्या आतलंही दाखवते का जी? की फक्त जोड?"

मी सावध झाले. म्हटलं, हा माणूस माझी तपासणी कशी चालते याचा अंदाज घेतो आहे. पुढच्या वेळी कुठे दिसणार नाही ते शोधतो आहे.

"मला फक्त जोड बघायचा असतो," मी तुटकपणे म्हणाले.

"खालच्या लोखंडाचं नाही पाहात?"

"त्याचं वेगळं प्रमाणपत्र असतं. तुम्हाला कशाला हवं?"

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "नाही, असंच," म्हणाले आणि निघून गेले. संध्याकाळी ही गोष्ट मी साहेबांना सांगितली. त्यांनी नुसती मान हलवली आणि स्वतःच्या डब्यातली पुरणपोळी मला वाढली.

चौथा शॉट गुरुवारी सकाळी साडेदहाला ठरला. पत्रा मांडून झाला. फटीत धूळ जाऊ नये म्हणून चारही बाजूंनी कागदी पट्ट्या चिकटवल्या. भुकटी अजून पसरायची होती. ती कोठारातून यायला अवकाश होता. पहिला भोंगा झाला. माणसं टेकडीपलीकडच्या आडोशाला निघाली. मीही निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परतले. कोणी विचारलंच तर सांगायला सबब होती, मशीनची वायर विसरले. खरं तर मला बघायचं होतं.

दगडांच्या ढिगाऱ्याआडून मला ते दिसले. प्लेटीशी ओणवे झाले होते. कडेची कागदी पट्टी वीतभर सोडवलेली. खिशातून त्यांनी पळसाचं पान काढलं. पानाला ग्रीस थापलेलं होतं; एवढा थर फटीत राहिला तर तेवढ्या जागी धातूला धातू भिडणारच नव्हता. पान सायकलच्या तारेवर अडकवून ते हळूहळू फटीत सरकवत होते. पोळी तव्यावर सोडावी इतक्या बेतानं.

"लटारीभाऊ!"

त्यांचा हात थांबला. मान वळवून त्यांनी मला पाहिलं. घाबरले नाहीत. थकलेले दिसले.

"बाई, तुम्ही इथं कायले आल्या? भोंगा झाला ना."

"हे काय चाललंय? तीन प्लेटा तुम्हीच बिघडवल्यात?"

त्यांनी तार बाहेर ओढली. पान तिच्याबरोबर आलं. ते जमिनीवर ठेवून लटारीभाऊ उभे राहिले, धोतराला हात पुसले.

"कोणी सांगितलं तुम्हाला हे करायला? रायपूरवाल्यांनी?"

"कोणते रायपूरवाले जी?"

तेवढ्यात मागून पावलं वाजली. पांढरीपांडे साहेब होते. ते इतक्या लवकर कसे आले, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. त्यांनी पान पाहिलं, तार पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला.

"मॅडम, तुम्ही पाहिलं ना? डोळ्यांनी पाहिलं?"

"पाहिलं."

"लिहून द्याल?"

"देईन."

लटारीभाऊ साहेबांकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, साहेबांकडे एकदा नजर गेली, तोंड मिटलं. मग जाता जाता माझ्या अगदी जवळून गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, ही प्लेट पास नका करू."

मला ती धमकी वाटली. मी तसंच लिहून दिलं.

परवानेवाला दुसरा ब्लास्टर चंद्रपूरकडून दोन दिवसांत आला. म्हणजे त्याला आधीच सांगून ठेवलं असणार, पण तेही मला तेव्हा सुचलं नाही. त्यानं फट उघडून साफ केली, पत्रा पुन्हा मांडला आणि शनिवारी शॉट मारला. टेकडीपलीकडे आमच्या पायांखालची जमीन एकदा हलली, खाणीतले पारवे उडाले आणि धूळ बसायला दहा मिनिटं लागली.

जोड अप्रतिम होता. इंच इंच तपासला, खडू उचलावा लागला नाही.

फक्त एक गोष्ट झाली. प्रोब एका कोपऱ्याकडे गेला तसा पडद्यावर एक बारीक रेघ दिसू लागली. जोडाच्या जागी नाही, त्याच्या बरीच खाली, पोलादाच्या पोटात. थोडं सरकवलं, तरी होतीच. वीतभर गेले, तरी होतीच.

"साहेब, खालच्या प्लेटीत काहीतरी दिसतंय."

पांढरीपांडे साहेबांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी फाइल उघडून पोलादाचं प्रमाणपत्र पुढे केलं. त्यावरचा नंबर आणि प्लेटीवर ठोकलेला नंबर एकच होता.

"मॅडम, तुमच्या कामात काय लिहिलंय? जोड. जोड कसा आहे?"

"जोड उत्तम आहे."

"मग?"

तीन आठवडे मी त्या खाणीत होते. घरी जायचं होतं. एक कपटी माणूस मी पकडून दिला होता आणि तो गेल्याबरोबर प्लेट पास झाली होती, याहून मोठा पुरावा कुठला! मी सही केली.

सोमवारी निघायचं होतं. रविवारी सकाळी मला चैन पडेना. लटारीभाऊंना कोणी फितवलं, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. माझ्या अहवालात ते नाव असावं असं वाटत होतं. कारखान्यातून चार किलोमीटरवर त्यांचं गाव. एसटीनं गेले.

ते अंगणात खाट विणत बसले होते. मला पाहून उठले नाहीत, पण बायकोला हाक मारली. "चहा मांड. बाई आल्या."

मी चहासाठी थांबले नाही. उभ्या उभ्याच विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं? नाव सांगा. मी निघाले आहे, तुमचं आणखी नुकसान करायला आले नाही."

"प्लेट पास केली?" त्यांनी विचारलं.

"केली. जोड एकदम चांगला होता."

त्यांनी सुंभाची गाठ आवळली. "जोड चांगलाच होणार. जोडाचं मी काही म्हणलं होतं का?"

"म्हणजे?"

"बसा बाई."

मी बसले.

"कोठाराच्या मागं चार प्लेटा पडून होत्या," ते सांगू लागले. "तीन वर्षांपासून. दुसऱ्या एका कामाच्या. तपासणारा साहेब आला होता, मोठा माणूस, तुमच्यासारखंच मशीन होतं त्याच्याजवळ. त्यानं खडूनं फुली मारली. म्हणे, यात आतून पदर आहेत, पापुद्र्यासारखे. वरून लोखंड, आतून फाटलेलं. भंगारात टाका. भंगारवाला काही आला नाही. मी तिथं बसून डबा खात होतो. रोज. तीन वर्षं."

मी पुढे सरकून बसले.

"दिवाळीच्या आधी एक दिवस जेवायले गेलो तं प्लेटा नाहीत. म्हणलं, गेल्या असतील. आठ दिवसांनी तुमच्या कामाचं लोखंड आलं. घासून चकचकीत केलेलं, नवे नंबर ठोकलेले. पण एका प्लेटीचा कोपरा गॅसनं तिरपा कापलेला हाये. मी रोज त्या कोपऱ्याले टेकून बसत होतो बाई. मले ओळखू नाही येणार?"

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगतलं ना. साहेबाले सांगतलं. ते म्हणे, तुझं काम बत्ती द्यायचं, तेवढं दे."

"मला का नाही सांगितलं?"

यावर त्यांनी हातातलं सुंभ खाली ठेवलं.

"तुमी त्याइच्या जीपमधून येत होत्या. त्याइच्या केबिनमध्ये जेवत होत्या. माझ्या मागंमागं पाहात होत्या. तरी एक दिवस विचारलं तुमाले, आतलं दाखवते का म्हणून. तुमी म्हणल्या, मी फक्त जोड पाहते. मंग म्हणलं, जोडच बिघडवू. म्हणजे तुमीच नापास कराल. माझ्या तोंडाची साक्ष कोण धरते? तुमच्या मशीनची धरतात. चारच प्लेटा होत्या. तीन झाल्या होत्या."

त्यांच्या बायकोनं चहा आणून ठेवला. कोरा होता.

"ज्या टाकीले लागणार, तिच्याजवळ माणसं उभी राहतील ना जी," लटारीभाऊ म्हणाले. "कोळशाच्या खाणीत होतो तेव्हा मी सात जण वर काढले होते. कापडात बांधून."

तशीच उठले, मिळेल त्या गाडीनं कारखान्यात पोहोचले. वजन करून ट्रक सकाळी आठलाच निघाला होता. फाटकावरच्या रखवालदारानं तसं सांगितलं. मग उमरेडला जाऊन एसटीडी बूथवरून प्लेट घेणाऱ्या बडोद्याच्या कंपनीच्या इंजिनिअरला घरी फोन लावला. बालिगा नावाचे गृहस्थ होते.

"माझा अहवाल चुकीचा आहे," मी म्हणाले. "ती प्लेट वापरू नका."

"सही तुमचीच आहे ना?"

"माझीच आहे."

"काल पास केलीत आणि आज नापास? मॅडम, या दोन दिवसांत तुम्हाला कोण भेटलं?"

तोच प्रश्न मी सकाळी दुसऱ्या माणसाला विचारला होता. मी जे घडलं ते सांगितलं, माझ्या पडद्यावरच्या रेघेसकट. त्यांचा विश्वास बसला नाही. पण ते एवढं म्हणाले की प्लेट कापून पाहू, आणि त्या ब्लास्टरला समोर उभं करा.

मी परत गावात गेले. लटारीभाऊ लगेच तयार झाले.

"तुम्ही फक्त जुन्या प्लेटांचं सांगा," मी म्हणाले. "पानाचं सांगायची गरज नाही. मी लिहून दिलंय ते मी मागे घेईन. परवाना वाचेल तुमचा."

"आणि कोणी विचारलं, जोड तीनदा कसा बिघडला, तं?"

"सांगायचं, माहीत नाही."

"मंग बाकीचं खरं कोण मानन बाई?" त्यांनी धुतलेलं धोतर पिशवीत भरलं. "एक लपवलं की सगळंच गेलं."

बडोद्याच्या वर्कशॉपमध्ये बुधवारी प्लेट कापली. बालिगा होते, त्यांचे दोन वरिष्ठ होते, पांढरीपांडे साहेब प्रमाणपत्रांची फाइल घेऊन आले होते. करवतीला तास लागला. हातभर लांबीचा तुकडा निघाला, तो पुसला, आणि पोलादाच्या पोटात काळी रेघ दिसली, केसासारखी. बालिगांनी तिच्यावर छिन्नी ठेवून घाव घातला. दुसऱ्या घावाला पोलाद उघडलं. वहीची पानं सुटावीत तसे दोन पदर वेगळे झाले.

पांढरीपांडे साहेब म्हणाले की पोलाद पुरवणाऱ्यानं फसवलं असेल. मग बालिगा लटारीभाऊंकडे वळले. त्यांनी सगळं सांगितलं. कोठारामागची जागा, तिरपा कोपरा, पानं, ग्रीस, तीन प्लेटा. एक शब्द कमी नाही, जास्त नाही. मी मधे म्हणाले, "यांनी मला विचारलं होतं, मी ऐकलं नाही." ते कोणी लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. पांढरीपांड्यांची नोकरी गेली. वर्षभरात ते दुसरीकडे लागलेही. माझं तपासनिसाचं प्रमाणपत्र संस्थेनं दोन वर्षांसाठी काढून घेतलं, आणि ते बरोबरच होतं. लटारीभाऊंचा परवाना कायमचा गेला. जाणूनबुजून शॉट बिघडवणाऱ्याला स्फोटकांना हात लावू देता येत नाही, असं पत्रात होतं. नियमाप्रमाणे तेही बरोबर असेल. मी वरपर्यंत तीन अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही.

पण आज इतक्या वर्षांनी मला आठवते ती त्या वर्कशॉपमधली दुपार. सगळे कागद करायला ऑफिसात गेले होते. उघडलेला तुकडा टेबलावर पडला होता. लटारीभाऊ त्याच्याजवळ गेले. फाटलेल्या पोलादाकडे त्यांनी पाहिलंही नाही. खिशातून चष्मा काढून लावला, तुकडा उजेडाकडे वळवला आणि वरच्या बाजूची, टायटॅनियम आणि पोलाद भेटतात तिथली रेघ न्याहाळू लागले. रेघ तळ्यातल्या लहरींसारखी होती, एकसारखी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. छिन्नीचे घाव बसूनही ती कुठे सुटली नव्हती.

त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"हा शॉट कोणी मारला जी?"

"तुमच्या जागी चंद्रपूरचे आले होते, त्यांनी."

ते पुष्कळ वेळ बघत राहिले. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

"चांगला मारला," ते म्हणाले.